भाऊ आणि कांद्याचा मध

आमच्या घरी आलेल्या पाहुण्याला पाणी मिळायच्या आधी वास मिळायचा. पाहुणा ओटीवर टेकला रे टेकला, की भाऊ आतून एक बाटली घेऊन यायचे, झाकण काढायचे आणि कसलीही प्रस्तावना न करता ती त्याच्या नाकाखाली धरायचे. मग एक पाऊल मागे सरकून त्याच्या चेहऱ्याकडे बघत उभे राहायचे. पाहुणा भिडस्त असला तर म्हणायचा, "वा! काय आहे हे?" स्पष्टवक्ता असला तर म्हणायचा, "कांदा?" आणि समुद्र बघायला आलेला कोणी पुण्या-मुंबईकडचा असला तर खिशातून रुमाल काढायचा. भाऊंना तिन्ही उत्तरं सारखीच आवडायची. "मध हाय," ते सांगायचे. "कांद्याच्या फुलांचा. आत्ता वास येतोय, पन दिवाळीला या. दिवाळीला वास गेलेला असंल." जणू त्या माणसाने केवळ वास गेला का हे बघायला दिवाळीत पुन्हा आमच्याकडे यायचं होतं. काही जण खरोखर यायचे, आणि मग त्यांच्या फराळाचं मला बघावं लागायचं.

भाऊ म्हणजे माझे सासरे. सुधीरचं स्थळ आलं तेव्हा ही सगळी मंडळी मला बघायला डोंबिवलीला आली होती. पोहे झाले, शिक्षण-नोकरी झाली, आणि काय बोलावं हे कोणालाच सुचेना अशी वेळ आली, तेव्हा भाऊंनी पिशवीतून बाटली काढली. माझ्या आईला वाटलं, कुलदैवताचं तीर्थ असेल, म्हणून तिने डोक्यावर पदर घेतला. बाटली माझ्या नाकाखाली आली. मी आधीच वैतागलेली होते, सकाळपासून साडीत कोंबलेली होते. मी म्हटलं, "कांदाभजी." बाबांचा चेहरा पडला. भाऊ मात्र मुलाकडे वळून म्हणाले, "सुधीर, पोरीचं नाक खरं बोलतंय. बाकीचं तू बघ." सुधीरने बाकीचं काय बघितलं ते त्याने मला आजवर सांगितलेलं नाही. मी माझ्या नाकावर पास होऊन अलिबाग तालुक्यातल्या त्या गावात नांदायला आले.

आमच्या गावाचा कांदा पांढरा. भात कापलं की त्याच शेतात कांदा लागतो, आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी त्याच्या वेण्या वळून रस्त्याच्या कडेला टांगल्या जातात. बी विकत घेत नाहीत, घरचंच धरतात. त्यासाठी थोडे कांदे पुन्हा मातीत लावायचे, म्हणजे त्यांना उंच दांडे फुटतात आणि दांड्यांच्या टोकाला पांढऱ्या फुलांचे गोल गेंद येतात. त्यांना डेंगळे म्हणतात. भाऊ एसटीत कंडक्टर होते. ते निवृत्त होऊन शेतावर आले त्या वर्षी गावातले डेंगळे फुलले झकास, पण बी धरेना. कृषी खात्याच्या कुठल्याशा शिबिरात त्यांना कळलं की फुलांवर मधमाश्या नाहीत म्हणून बी नाही. भाऊंना हे ताबडतोब पटलं. "गाड्याच न्हाईत, तं पाशिंजर जानार कसे?" असं म्हणून त्यांनी शेताच्या बांधावर मधमाश्यांच्या पेट्या आणून ठेवल्या. बी धरलं, सगळ्या गावाचं धरलं. मध मिळाला तो वरकड. पण त्या वरकडाने पुढे आमच्या घरात जो गोंधळ घातला, तो बियाने कधी घातला नाही.

एसटी सुटली तरी कंडक्टर काही सुटला नव्हता. पेटीचं झाकण उघडून ते माश्यांशी खालच्या आवाजात बोलायचे, "चला, आत सरका. दारात गर्दी नको. मागं जागा हाय." झाकण लावलं की पेटीवर बोटाने दोनदा टकटक. डबल बेल. त्याशिवाय ते पेटीपासून हलत नसत. पेट्यांजवळ उभं राहून कुणाला माशी चावली, की त्याच्याकडे शांतपणे बघून म्हणायचे, "तिकीट मिळालं तुमाला. आता बसा." लग्नानंतरच्या पहिल्या आठवड्यात मला तिकीट मिळालं ते वरच्या ओठावर. नव्या नवरीचा तो सुजलेला ओठ बघायला आळीतल्या बायका हळदीकुंकवाचं निमित्त काढून येत होत्या, आणि भाऊ प्रत्येकीला अभिमानाने सांगत होते, "आमची सूनबाय. माशीनं वळखली तिला."

मी रस्त्याच्या कडेला कांद्याच्या वेण्यांची टपरी टाकली आणि तिथेच भाऊंचा मध ठेवायला लागले. गिऱ्हाईक सुरुवातीला खूश असायचं. एकदा पुण्याच्या एका बाईंचा फोन आला. त्या फारच सभ्य होत्या. म्हणाल्या, "अहो, राग मानू नका, पण तुमचा मध खराब झालाय. सकाळी लिंबू-पाण्यात घातला, तर भेळेसारखा वास यायला लागला." मी माफी मागणार एवढ्यात भाऊंनी फोन हातातून घेतला. "बाय, घाबरू नका. अजून ताजा हाय म्हनून बोलतोय. दिवाळीपर्यंत ठेवा, गप होईल." त्या बाईंनी पुढच्या हंगामात सहा बाटल्या मागवल्या. का मागवल्या ते मला आजही कळलेलं नाही.

आता आईंबद्दल सांगायला हवं, म्हणजे माझ्या सासूबाईंबद्दल. कारण मध भाऊंचा असला, तरी सगळी गोष्ट आईंच्या जिभेवर अडलेली होती.

आईंची जीभ हे आमच्या घरातलं शेवटचं कोर्ट होतं. सुधीर सांगतो, नवा कांदा आला की तो त्या बुक्कीने फोडायच्या, एक पाकळी तोंडात टाकायच्या, डोळे मिटायच्या आणि सांगायच्या, "हा खालच्या शेतातला. पानी जास्त झालंय." किंवा "हा वरच्या अंगाचा. ह्याला राख घातलीत, बरं केलंत." पूर्वी शेजारपाजारचे लोकसुद्धा त्यांच्याकडे कांदा चाखायला आणायचे. त्या खोटं बोलायच्या नाहीत आणि फार चांगलंही बोलायच्या नाहीत. त्यांचं सर्वांत मोठं बक्षीस होतं, "बरा हाय." तेवढ्यावर माणूस आठवडाभर छाती काढून हिंडायचा. भाऊंना तर स्वतःच्या जिभेवर काडीचा विश्वास नव्हता. "मी चाखलं तं मना सगलंच ग्वाड लागतं," ते म्हणायचे. "हिनं बरा हाय म्हटलं तं बरा."

आणि नेमका कांदाच आईंनी काशीला सोडला होता.

भाऊ निवृत्त झाल्यावर, पेट्या यायच्या आधी, दोघं यात्रा कंपनीबरोबर काशीला जाऊन आले. काशीला गेलं की एखादी खायची वस्तू सोडायची, ही रीत. भाऊंनी कारलं सोडलं. जन्मात त्यांनी कारल्याचा तुकडा तोंडात घातला नव्हता. नुसतं नाव काढलं तरी जीभ बाहेर काढायचे. यात्रेतल्या बाकीच्या पुरुषांनीही असंच काहीबाही सोडलं, कोणी पडवळ, कोणी दोडका. आईंची पाळी आली तेव्हा त्या म्हणाल्या, "कांदा." भाकरी, सुका जवळा आणि फोडलेला पांढरा कांदा हे ज्यांचं रोजचं जेवण, त्या बाईने कांदा सोडला. भाऊ घाटाच्या पायऱ्यांवरच त्यांना समजवायला लागले, की अगो, दुसरं काहीतरी सोड, वांगं सोड. तेव्हा आई म्हणाल्या, "देवाला द्यायचं तं आवडीचं द्यावं. नको असलेलं न्यायला देव काय भंगारवाला हाय?" भाऊंचं कारलं त्यांच्याच गळ्यात पडलं होतं.

त्यामुळे झालं असं, की भाऊंनी पहिला मध काढला, सगळ्या गावाने चाखला, पाहुण्यांनी चाखला, पोस्टमनने चाखला, आणि ज्या एका जिभेवर त्यांचा विश्वास होता तिने तो चाखला नाही. "कांदा सोडलाय मी," आई म्हणाल्या. "अगो, फुलात कांदा नसतो!" भाऊ म्हणाले. "कांदा मातीत, फूल वर, माशी त्याच्याही वर!" "वास कशाचा येतोय?" आईंनी विचारलं. भाऊंना पुढे वर्षानुवर्षं एकच गोष्ट हवी होती. आईंनी बोटभर मध चाखावा आणि काय ते सांगावं. नावं ठेवली असती तरी चाललं असतं त्यांना.

हा वाद घरात मावेना, तेव्हा तो मारुतीच्या देवळासमोरच्या पारावर गेला. तिथे त्याला चांगलं खत-पाणी मिळालं. एका बाजूचं म्हणणं, कांद्याची पात खाणाऱ्या म्हशीचं दूध चालतं, तर मध का नाही? हा मुद्दा भाऊ धावत घरी घेऊन आले. आई म्हणाल्या, "म्हैस कांद्यात शिरली तं त्या दिवशीचं दूध मी घेत न्हाय. तुमी कवा बघितलंय माज्याकडं?" भाऊ परत पारावर. शेवटी प्रकरण भटजीकाकांकडे गेलं. भटजीकाका म्हणजे आमच्या गावचं लग्न-मुंज-सत्यनारायण सगळं. त्यांनी डोळे मिटून विचार केला आणि म्हणाले, "मध पवित्र आहे. कांदा निषिद्ध आहे. दोन्हींचा संयोग झाल्यास काय, हे पाहावं लागेल. बाटली ठेवून जा." महिन्याभराने भाऊ निकाल विचारायला गेले तर बाटली रिकामी होती. "विषय खोल आहे," भटजीकाका म्हणाले. "दुसरी आणा." असा तो अभ्यास त्यांनी किती हंगाम चालवला ते त्यांनाच ठाऊक. निकाल एवढाच हाती आला, की ज्याला खोकला आहे त्याने खायला हरकत नाही. त्या वर्षी आईंना खोकला झाला नाही. भाऊ रोज सकाळी मोठ्या आशेने विचारायचे, "घसा कसा हाय?"

मग त्यांनी गनिमी कावा केला. चार वाट्या मांडल्या, तीन वाट्यांत रानातला मध, एकीत कांद्याचा, तोही दिवाळी उलटून गेलेला, अगदी गप झालेला. "नुसती सांग, यातला कुठला बरा," असं म्हणून आईंना हाक मारली. आई स्वयंपाकघराच्या दारातूनच, बाहेर न येता म्हणाल्या, "डावीकडून दुसरी वाटी उचला. बाकीच्यात मी बघते." मी नाक वाटीत बुडवलं तरी मला काही कळलं नसतं. भाऊ हरले, पण त्या दिवशी ते फार खूश होते. रात्री जेवताना सुधीरला म्हणाले, "बघितलंस? दारातून! असं मानूस तालुक्यात दुसरं न्हाय." हरवणाऱ्या बाईचं इतकं कौतुक करणारा नवरा मी तरी दुसरा पाहिला नाही.

कांद्याने दाद दिली नाही म्हणून ते दुसऱ्या भाज्यांच्या फुलांकडे वळले. भाऊंचे एक जुने मित्र होते, बोर्ली पंचतनचे इब्राहिमभाई. भाऊ श्रीवर्धनच्या गाडीवर होते तेव्हाची ओळख. इब्राहिमभाई कुवेतला बरीच वर्षं काढून परत आले होते आणि त्यांनी वाडीत काकडी-कारल्याचे मांडव घातले होते. त्यांना या वादातलं काहीच कळत नसे. "आमच्यात मध म्हणजे शिफा, भाऊ. औषध. खाल्ला, सुभानल्ला म्हटलं, झालं. पुढं चौकशी न्हाय." तरी मित्रासाठी ते पावसाळा सरल्यावर पेट्या आपल्या वाडीत न्यायला टेम्पो घेऊन आले, आणि माश्या घरी परतल्यावर, दिवेलागणीला, पेट्यांची दारं जाळीने बंद करून आम्ही मुरूडमार्गे निघालो. आगरदांड्याहून दिघीला शेवटच्या फेरीबोटीत टेम्पो चढवला. मी हौसेने गेले होते. खाडीच्या मध्यावर एका पेटीची जाळी सुटली.

अंधारात माश्या एरवी उडत नाहीत, पण उजेड दिसला की त्याच्याकडे जातात. त्या बोटीवर एक दिवा होता आणि त्या दिव्याखाली लग्नाचं वऱ्हाड बसलं होतं. क्षणात सगळं वऱ्हाड उभं राहिलं. नवरदेवाचे काका बोटीच्या कठड्यावर चढले, कोणी तरी "दिघी! दिघी!" असं ओरडत होतं, जणू हाक मारली की दिघी जवळ येणार होती. तेवढ्यात भाऊंचा कंडक्टरचा आवाज घुमला, जो मी तोवर कधी ऐकलाच नव्हता. "कोनी हात हलवायचा न्हाय! मागच्यांनी पुढं सरका! दिव्याखाली कोनी थांबू नका!" आणि सगळं वऱ्हाड मुकाट्याने पुढे सरकलं. भाऊंनी दिवा घालवायला लावला, आपला टॉर्च त्या पेटीच्या दाराशी धरला, आणि माश्या हळूहळू टॉर्चच्या उजेडाला येऊन परत पेटीत शिरल्या. नवरदेवाच्या काकांना तेवढं तिकीट मिळालं. कानावर. दिघीला उतरताना भाऊंनी पेटीवर डबल बेल दिली, आणि इतकी घाबरलेली ती माणसं, पण त्यांतल्या दोघांनी खरोखर टाळ्या वाजवल्या.

त्या वाडीतून जेमतेम एक बाटली मध आला. पातळ, पिवळसर, आणि कांद्याचा त्यात लवलेशही नव्हता. भाऊंनी ती बाटली आईंसमोर ठेवली. त्यांचा चेहरा त्या दिवशी बघण्यासारखा होता. "घे. कांदा न्हाय, काय न्हाय. काकडी आनि कारल्याचा."

आईंनी बाटली उजेडात धरली. "कारल्याचा?" त्या म्हणाल्या. "मंग आधी तुमी चाखा."

"चाखतो की. फूल म्हंजे भाजी थोडीच?" भाऊ म्हणाले. पारावर हेच तर ते इतकी वर्षं सांगत आले होते. त्यांनी झाकण काढलं, बोट बाटलीत घातलं, आणि बोट तिथेच राहिलं. आम्ही सगळे बघत होतो. सुधीर म्हणाला, "भाऊ, काय झालं?" भाऊ बोटाकडे बघत होते. मधाचा थेंब खाली ओघळायला लागला. ज्या कारल्याची त्यांना कधी किंमत वाटली नव्हती, जे त्यांनी देवाला अगदी स्वस्तात दिलं होतं, ते आता त्यांना देवाकडून परत घेववेना. "हात धुऊन येतो," असं पुटपुटून ते विहिरीकडे गेले आणि बराच वेळ आलेच नाहीत. आई हसल्या नाहीत. त्यांनी बाटलीचं झाकण घट्ट लावलं आणि मला म्हणाल्या, "ह्यांच्या पानात आज ग्वाड काहीतरी वाढ." तो मध शेवटी सुधीरने आणि मी पोळीला लावून संपवला. छान होता. पण त्या घरात त्याला छान म्हणणाऱ्यांच्या मताला किंमत नव्हती.

त्यानंतर भाऊंनी आईंना कधी आग्रह केला नाही. खोकल्याची चौकशी बंद झाली, वाट्या बंद झाल्या. पाहुण्यांच्या नाकाखाली बाटली जायची ती जायचीच. पण दर हंगामाचा पहिला मध गाळला, की आई दिसतील अशा ठिकाणी ते थोडा वेळ नुसते बाटली हातात घेऊन बसायचे. आई आपल्या कामातून मान वर करायच्या नाहीत. मला कधी कधी दोघांचा राग यायचा. इतका साधा मध, इतकी साधी जीभ, आणि मध्ये अख्खी काशी.

यंदा डेंगळे फुलले होते, पहिला मध नुकताच गाळला होता, तेव्हाच भाऊ आजारी पडले. न्यूमोनिया झाला, अलिबागला दवाखान्यात ठेवलं. तिथेही त्यांनी उशाशी बाटली ठेवून घेतली होती आणि तपासायला आलेल्या तरुण डॉक्टरच्या नाकाखाली ती धरली. डॉक्टर म्हणाला, "आजोबा, मला सर्दी आहे." "मंग तुमी कसले डॉक्टर?" भाऊ म्हणाले, आणि हसता हसता त्यांना एवढी धाप लागली, की नर्सने आम्हाला बाहेर काढलं. दुसऱ्या दिवशी मी एकटीच त्यांच्याजवळ होते. म्हणाले, "सूनबाय, हिला एकदा..." मग थांबले. "जाऊ दे. तिचं तिच्यापाशी." त्यानंतर दोन दिवसांनी ते गेले. घरी आलेल्या माणसाला आता पाणी आधी मिळायला लागलं, आणि ते प्रत्येक वेळी मला चुकीचं वाटायचं.

दहाव्याला आम्ही तळ्यावर गेलो. आई म्हणाल्या, मीपण येणार. पिंडांना मध लागतो. सुधीरने भाऊंची बाटली पुढे केली, तर भटजीकाकांनी हात मागे घेतला. "श्राद्धाला कांदा वर्ज्य," ते म्हणाले. मग नाक्यावरच्या दुकानातून विकतचा मध आणला, पिंडाला लावला आणि आम्ही सगळे लांब जाऊन उभे राहिलो. तळ्याकाठच्या उंबरावर कावळे होते. पण ते पाठ करून बसले होते. ऊन वाढायला लागलं. इब्राहिमभाई बोर्लीहून मुद्दाम आले होते, ते हळूच म्हणाले, "भाऊ काय तो साखरेचा पाक खानारेत?" सगळ्यांना हे एकदम पटलं. भटजीकाकांनी घाम पुसला, इकडे-तिकडे बघितलं आणि म्हणाले, "शेवटी मधच आहे तो." इतक्या हंगामांच्या अभ्यासाचा निकाल असा लागला. भाऊंचा मध पिंडाला लावला, बाकीचा मी पानाच्या द्रोणात ओतून शेजारी ठेवला. कांद्याचा घमघमाट सुटला. तरी कावळा हलला नाही.

मग एकेक जण पुढे होऊन बोलायला लागला, कारण गेलेल्याच्या मनात काही राहिलं असेल तर ते पुरं करायचं कबूल करावं लागतं. सुधीर म्हणाला, "भाऊ, पेट्या मी विकणार नाही." कावळा गप्प. मी म्हटलं, "मी रोज डबल बेल देईन." कावळा गप्प. इब्राहिमभाई म्हणाले, "माशांना माझी वाडी कायम मोकळी हाय, यार." कावळ्याने मान वाकडी केली, एवढंच. शेवटी भटजीकाका स्वतः हात जोडून म्हणाले, "भाऊ, तो अभ्यास वगैरे काही नव्हता. मला मध आवडायचा." यावर तरी येईल असं आम्हाला वाटलं होतं. नाही आला. भटजीकाका निमूटपणे दर्भाचा कावळा करायला बसले.

"थांबा," आई म्हणाल्या. त्या इतका वेळ दगडावर बसून होत्या. उठून त्या द्रोणाजवळ गेल्या.

"आई, काशीचं..." सुधीर म्हणाला.

"काशीचं मी बघून घेईन. ह्यांना उनात आनखी किती ताटकळत ठेवायचं?"

त्यांनी द्रोणात बोट बुडवलं, तोंडात घातलं आणि डोळे मिटले. कांद्याची पाकळी चाखताना मिटायच्या तसेच. कोणी झाडाकडे बघत नव्हतं, सगळे त्यांच्याच तोंडाकडे बघत होते. त्यांना काही घाई नव्हती. मी सुधीरचा हात इतका घट्ट धरला होता, की नंतर त्याने नखांचे वळ दाखवले. बऱ्याच वेळाने आईंनी डोळे उघडले.

"बरा हाय," त्या म्हणाल्या.

पंखांची फडफड झाली. कावळा उतरला तो पिंडावर नाही, सरळ द्रोणावर. पिंडाकडे ढुंकूनही न बघता त्याने चोच मधात खुपसली, मान वर केली आणि पुन्हा खुपसली. भटजीकाका "पिंड, पिंड" असं दबक्या आवाजात त्याला सांगत होते. आईंचे डोळे वाहत होते आणि त्या हसत होत्या.

"बघा," त्या म्हणाल्या. "मी सांगितलं तरी सवता चाखून बघतायत."